तोंड बघून द्यायची चावी

दादा,

त्या दिवशी पहाटे आई गाडीची चावी हातात धरून दारात उभी होती, आणि अंगणात गाडी सुरू झाली. तिनं आधी हातातल्या चावीकडे बघितलं, मग गाडीकडे. मी काच वर केली, दिवे लावले आणि निघालो. वळताना आरशात ती दिसली. मागे स्वयंपाकघराचा पिवळा उजेड, आणि तिच्या मुठीतून लोंबणारी चावीची तुमची कॅनव्हासची पट्टी. माझ्या गाडीला दुसरी चावी आहे हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. साताऱ्यात स्टँडजवळ एक चावीवाला बसतो, त्याच्याकडून मी ती आदल्या आठवड्यात करून घेतली होती. पट्टी नाही, कडी नाही, नुसती उघडी चावी. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली की छातीला गार लागायची.

तुमचाच नियम तुम्हाला काय सांगायचा, पण माझ्या, तुमच्या पोराच्या, डोक्यात तो कसा राहिलाय ते सांगतो. तुम्ही पलटणीतून पेन्शनीवर आलात तेव्हा मी सहावीत होतो. जुनी जीप घेऊन तुम्ही औंध-कोरेगाव वडाप, म्हणजे शिटा भरून माणसं नेणं, सुरू केलंत. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटी ठोकली, पलटणीतून आणलेली कॅनव्हासची पट्टी शिवून तिला चावी अडकवली आणि आईला म्हणालात, "हितनं फुडं चावी मी घ्यायची न्हाई. तू द्यायची." आई भाकरी थापत होती. "आन का वो? तुमास्नी हात न्हाईत?" "हायत. पर आमच्याकडं गाड्यांच्या खात्यात ड्रायव्हरला आपल्या हातानं चावी घेता येत न्हाई. हवालदार आदी तोंड बगतो. झोप झालीया का, पिऊन आलाय का, घरनं वंगाळ पत्र आलंय का. समदं तोंडावर असतंय. मग चावी दितो." "मंजी मी हवालदार?" "व्हय." "मग मला बी टोपी आणा," आई म्हणाली, आणि तुम्ही दोघं हसलात. मला ते हसणं अजून ऐकू येतं, कारण तुम्ही घरात फार हसत नव्हता. मला तुम्ही एवढंच सांगितलं होतं की चावी घेताना मान वर करायची. खाली बघून जो चावी घेतो त्याच्या मनात काहीतरी असतं.

टोपी काही आली नाही, पण हवालदारकी आईनं मनापासून केली. धाकट्या काकांशी बांधावरून तुमचं भांडण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला आठवते. तुम्ही रात्रभर अंगणात खाटेवर बसून होता. सकाळी अंघोळ करून, टोपी घालून आईपुढे उभे राहिलात. एका लग्नाचं वऱ्हाड कोरेगावला न्यायचं होतं, माणसं पाराजवळ थांबली होती. आईनं तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि चावी परत खुंटीला लावली. "आज न्हाई." "वऱ्हाड थांबलंय गं." "थांबू द्या. दुसरी गाडी बगा त्यास्नी." मला वाटलं आता तुमचा हात उठणार. तुम्ही टोपी काढून कोनाड्यात ठेवली, पाराकडे जाऊन दुसऱ्याची जीप ठरवून दिलीत, आणि मग दिवसभर आपली जीप धूत बसलात. चाकांची माती काडीनं उकरून काढलीत. रात्री जेवताना आईला म्हणालात, "बरं केलंस." बाकी काही नाही. मी तेव्हा पुढ्यातल्या कालवणात भाकरी कुस्करत होतो आणि मला नीटसं कळलं नव्हतं की या घरात कोण कुणाचं ऐकतं.

मी एकोणीस वर्षांचा असताना एकदा कुणाला न विचारता जीप काढून मळ्यापर्यंत गेलो होतो. परत आलो तर तुम्ही मारलं नाही. म्हणालात, "चावी लाव खुंटीला. आता आईम्होरं हुबा ऱ्हा आन माग." मी मागितली. आईनं बघितलं आणि दिली. मी चावी घेऊन निघालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता ठेव. कुटं जायचंय तुला?" मला कुठंच जायचं नव्हतं. तुमचं सगळं रागावणं असंच असायचं, शेवटी आपणच ओशाळायचं.

तुम्ही गेलात, जीप विकली, मी दुधाची गाडी घेतली. खुंटी तीच, पट्टी तीच. पहाटे चारला उठायचं, अंघोळ, देव्हाऱ्यात दिवा, यमाईचं नाव, कपभर चहा, आणि मग आईपुढे उभं राहायचं. ती दिव्याचं बटण लावते, माझ्याकडे बघते, "जा" म्हणते. मग गावोगावच्या डेअऱ्यांवरचे कॅन गोळा करत कोरेगावच्या बाजूला चिलिंग सेंटरला पोचायचं. परत येताना औंधचा यमाईचा डोंगर दिसतो तिथं गाडीतूनच हात जोडायचे. इतकी वर्षं यात खाडा नाही. तुमची सून लग्न होऊन आली तेव्हा आई तिला म्हणाली होती, "सैपाक तुज्याकडं, जनावरं तुज्याकडं, चावी माज्याकडं."

आता मूळ गोष्ट. मला कंपवात झालाय. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. सुरुवात कशानं झाली हे मागे वळून बघितलं तर आता कळतं. माझा वास गेला होता. दूध घेताना शंका आली की मी कॅनचं झाकण नाकाशी नेतो. आंबूस दूध गाडीत चढवलं की ते सेंटरवरून परत पाठवतात आणि बोलणी आपल्याला बसतात. चारेक वर्षांपूर्वी असे कॅन परत यायला लागले. सेंटरवरचा माणूस झाकण उघडून तोंड फिरवायचा आणि मला म्हणायचा, "काका, सर्दी झालीया काय?" मी हो म्हणायचो. मग उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, तोही गाडी चालवताना नाही, तर रिकामा बसलो की. बोटावर अंगठा फिरत राहायचा, जणू जपमाळ ओढतोय. पाराजवळची म्हातारी माणसं म्हणायची, हा लय देवाचा झाला. मग अक्षर बारीक व्हायला लागलं. तुमची नात, जिला तुम्ही फक्त पाळण्यात बघितलंत, ती सांगलीला एका दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला आली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवताना तिनं बघितलं आणि दुसऱ्याच आठवड्यात मला सांगलीला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर भरभर टेकवायला सांगितलं, चालायला सांगितलं, एक ओळ लिहायला सांगितली. वास येतो का, असंही विचारलं. तेव्हा मला त्या परत आलेल्या कॅनांची आठवण झाली. शेवटी म्हणाले, "गाडी चालवता?" मी म्हणालो, "थोडीफार." "थोडीफार म्हणजे काय?" "दुधाची." त्यांनी पेन खाली ठेवलं. गोळी लागू असेल तेव्हा हातपाय चालतात, नसेल तेव्हा जड होतात, आणि कधी लागू होईल ते रोज सारखं नसतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. गाडी सोडायचा विचार करा म्हणाले. मी मान हलवली. येताना कडेगावच्या पुढे रस्त्याकडेला ऊस बघत बसलो आणि मनात म्हटलं, स्टेअरिंग धरलं की माझा हात हलत नाही. ते खरं होतं. हात खरंच हलत नव्हता. तेवढ्यावर मी वर्षभर काढलं.

आईला आम्ही सांगितलं की नस आखडलीय. तेव्हापासून सकाळचं तिचं बघणं लांबत गेलं. आधी "जा" म्हणायला एक श्वास लागायचा, आता ती दिव्याखाली मला उभं करून बघतच राहायची. एकदा म्हणाली, "बोल की काय तरी." मी म्हणालो, "काय बोलू? उशीर होतोय." मग एका सकाळी तिनं चावी खुंटीवरून काढलीच नाही. "आज न्हाई." मी म्हणालो, दूध नासंल. "नासू दे." त्या दिवशी वरच्या आळीतल्या माझ्या सोबत्यानं, जो पलीकडच्या गावांचं दूध नेतो, माझेही कॅन उचलले. तो आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलेलो. पुढच्या पंधरा दिवसांत असं आणखी तीन-चारदा झालं. मी आईला म्हणालो, देवीला कौल लावू या, ती सांगेल तसं करू. आई म्हणाली, "देवीला कशाला तरास? तुज्या पायाला इचार." पाय मधेच जड होतो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी साताऱ्याला जाऊन चावी करून आणली.

तर त्या पहाटे तिनं चावी मुठीतच ठेवली आणि मी काच वर करून निघालो. राग होता, आणि रागात गोळी घ्यायची राहिली ती मी रस्त्यात घेतली. पहिली दोन गावं नीट झाली. तिसऱ्या गावाच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर, कारखान्याला ऊस घेऊन चाललेल्या बैलगाड्यांची रांग होती. शेवटच्या गाडीला मागं दिवा नव्हता. तरी मला ती वेळेत दिसली, हे मी शपथेवर सांगतो. पाय उचलून ब्रेकवर ठेवायचा, हे मी वेळेत ठरवलं. पण पाय तिथंच चिकटून राहिला. तो माझा पाय नव्हताच, कुणीतरी तिथं ठेवलेली वस्तू होती. मी स्टेअरिंग ओढलं. गाडी बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांना घासत गेली, आरसा फुटला, आणि मग कधीतरी पाय उठला आणि गाडी थांबली. डाव्या बाजूचा बैल गुडघ्यावर बसला होता. उसावर एक बाई झोपलेलं लेकरू छातीशी धरून बसली होती. तिनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होता.

गाडीवान उतरून धावत आला. तिकडचा, मराठवाड्याकडचा. मला दार उघडून उतरायलाही वेळ लागला. पाय जमिनीवर टेकले तर पुढं पडेनात. तो म्हणाला, "सकाळी सकाळी पिऊन आला का काय?" मी नाही म्हणालो, तर तो शब्दही तोंडातून जड निघाला. त्यानं माझ्या तोंडाजवळ नाक आणून वास घेतला. मग मागं सरकला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "वास तर येत नाही. मग काय झालंय तुम्हाला?" बैल उठला, झटकला, त्याला काही झालं नव्हतं. मी हात जोडले. तो म्हणाला, "जावा आता. हळू जावा." मी कॅन पोचवले, घरी आलो, आणि आरसा बाभळीच्या फांदीला लागून फुटला असं सांगितलं. आईनं जाऊन बघितलं. फुटक्या आरशाच्या चौकटीत उसाचं पाचट अडकलं होतं. तिनं ते काढून गोठ्यात टाकलं.

चौथ्या दिवशी चिलिंग सेंटरच्या मॅनेजरनं मला आत बोलावलं. तरणा पोरगा आहे, बोलायला चांगला. "काका, तुमच्याविषयी तक्रार आहे. गाडी चालवणं तुम्हाला झेपत नाही, कुणाचा तरी जीव जाईल, अशी." मी विचारलं, कुणाची तक्रार? "तोंडी आहे. नाव मी सांगणार नाही. डॉक्टरचं फिटनेस आणा. तोवर गाडी बंद." मी बाहेर आलो. माझ्या डोक्यात एकच नाव होतं. माझा रूट गेला तर तो कुणाला मिळणार हे उघड होतं.

माझा सोबती समोरच्या टपरीवर चहा पीत होता. मी म्हणालो, "रूट पायजे हुता तर मागायचा हुतास. पाठीमागनं कशाला?" तो म्हणाला, "बस. चा घे." "तुजा चा नको मला." "का? साखर लागली व्हय तुला?" टपरीवरची माणसं हसली. मी म्हणालो, "हास. आज माजं दूध गेलं, उद्या तुजं बी जाईल." तो हसायचा थांबला. "गड्या, मी काय बोललो न्हाई." "मग कोण बोललं?" त्यानं ग्लासात बघितलं. दादा, त्या वेळी त्याची मान खाली होती, आणि तुमच्या नियमानं मी तेवढ्यावरूनच त्याला गुन्हेगार ठरवलं.

फिटनेस मिळवणं सोपं निघालं. सांगलीच्या डॉक्टरांकडे मी गेलो नाही. बाजाराच्या गावातल्या एका छोट्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर फोनवर कुणाशी तरी प्लॉटविषयी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी वय विचारलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि सही केली. मी उजवा हात मांडीखाली दाबून बसलो होतो, त्याची गरज पडली नाही. त्यांनी माझ्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नाही. कागद घेऊन मी सेंटरवर गेलो. मॅनेजरनं तो वाचला, मग थोडा वेळ नुसताच हातात धरला, आणि म्हणाला, "कागद बरोबर आहे. उद्यापासून आणा गाडी."

बाहेर सोबती कॅन उतरवत होता. मी कागद दाखवला. "मिळाला. आता काय करशील?" "मी काय करनार? तुज्या आईला दाखव." "तिचा काय संबंध?" त्यानं हातातला कॅन खाली ठेवला. "आरं, तीच आली हुती. माज्या गाडीत, म्होरं बसून. मला म्हनली, मला सायबाकडं ने. आत गेली आन म्हनली, त्या गाडीची चावी देनारी मी हाय. म्या दिलेली न्हाई. तरी गाडी तुमच्याकडं येतीया. घेऊ नगा." त्यानं हात पुसले. "आन बाहीर येऊन मला म्हनली, त्येला सांगू नगंस, लय लागंल त्येला. म्हनून गप बसलो. तू टपरीवर मला चोर केलंस तरी बी गप बसलो. आता सांगितलं, कारन तू उद्या गाडी काढशील." कॅन उचलताना परत म्हणाला, "त्या बैलगाडीवाल्यानं समद्या रस्त्याला सांगितलंय. पर तक्रार त्येनं बी केली न्हाई. तुज्या आईनं केली."

घरी आलो तेव्हा आई पावटा सोलत बसली होती. तुमची सून रानात गेली होती. मी आईपुढे बसलो. "आई, तू गेली हुतीस सेंटरवर?" "गेले हुते." "घरात बोलायचं हुतंस." "घरात बोलले. तू काच वर केलीस." ती सोलत राहिली. मी म्हणालो, "मला फिटनेस मिळालंय. डॉक्टरनी दिलंय." "त्यानं तोंड बगितलं का तुजं?" मी खिशातला कागद चाचपला. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "खरं सांगू? मला बी आता दिसंना झालंय." मला वाटलं तिचे डोळे अधू झाले. म्हणालो, "सांगलीला दाखवू या डोळं." "डोळं चांगलं हायत माजं. सुईत दोरा ववती मी. तुज्या तोंडावर काय न्हाई आता. आदी झोप न्हाई झाली की तुजा डावा डोळा बारीक व्हायचा. राग आला की नाकपुडी हालायची. तुज्या बापाचं बी तसंच हुतं. मी तेवडं बगायची आन चावी द्यायची. आता तू हासतोस का रडतोस, मला कळत न्हाई. भिताडाकडं बगून चावी देऊ व्हय?"

चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, भाव कमी दिसतात, हे सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. पुरुषमाणसाच्या चेहऱ्याचं काय एवढं, असं वाटलं असेल. त्या दुपारी मी उठून आरशात बघितलं. माझ्या मनात त्या वेळी बरंच काही चाललं होतं, आणि आरशातला माणूस लग्नाच्या फोटोत उभं केल्यासारखा स्वस्थ होता. गेलं वर्षभर रोज पहाटे आई दिव्याखाली काय शोधत होती आणि "बोल की" का म्हणत होती, ते मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा उठलो. अंघोळ केली, गोळी घेतली, दिवा लावला. देवापाशी काही मागितलं नाही, नुसता बसलो. मग आईपुढे जाऊन उभा राहिलो आणि मान वर केली. फिटनेसचा कागद माझ्या एका खिशात होता, दुसरी चावी दुसऱ्या खिशात. म्हणजे तिनं नाही म्हटलं असतं तरी माझं काही अडणार नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं. तिनं खुंटीवरची चावी काढली आणि पट्टी हाताला गुंडाळून म्हणाली, "तोंडावर दिसत न्हाई, तवा तोंडानं सांग. म्होरं बैल आला तर पाय उटंल का?" मी म्हणालो, "गोळी लागली तर उटंल." "आन न्हाई लागली तर?" बाहेर कुठंतरी सोबत्याची गाडी वर चढत होती, तिचा आवाज येत होता. मला ती उसावरची बाई आठवली, लेकराच्या डोक्यावर ठेवलेला तिचा हात. मी म्हणालो, "न्हाई." "न्हाई काय?" "न्हाई उटनार." आईनं चावी परत खुंटीला लावली. म्हणाली, "बस. चा टाकते." आणि चहा टाकताना तिची पाठ माझ्याकडे होती, ती बराच वेळ वळली नाही.

गाडी विकली नाही. गावातलाच एक तिशीतला गडी, पुण्यात कंपनीची बस चालवून परत आलेला, आता तिच्यावर असतो. रूट माझाच राहिला. पहाटे तो आईपुढे उभा राहतो. सुरुवातीला फार लाजायचा. "आजी, रोज काय बगतीस माज्याकडं? माजं लगीन ठरवतीस का काय?" "तुला कोन दील पोरगी? मान वर कर." एकदा तिनं त्यालाही "आज न्हाई" म्हटलं. त्याच्या बहिणीला दवाखान्यात ठेवलं होतं आणि तो रात्रभर तिथंच होता, हे नंतर कळलं. सोबत्याकडे मी जाऊन आलो. माफी वगैरे मागितली नाही, टपरीवर त्याचा चहा प्यालो. तो म्हणाला, "साखर चालती का आता?" मी हसलो. त्याला ते दिसलं की नाही कोण जाणे, म्हणून तोंडानंही सांगितलं, "हासतोय मी." हल्ली मला असं सांगत राहावं लागतं. तुमच्या सुनेला, नातीला. राग आलाय, बरं वाटतंय, पाय दुखतोय. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे नवीन आहे. तुम्ही तर यातलं कधीच काही बोलला नाहीत, पण तुमचं तोंड बोलत होतं.

आता राहिलेलं. तुम्हाला खोटं वाटायला नको म्हणून लिहितो. ती साताऱ्याची चावी मी आईला दिली नव्हती. तिनंही मागितली नाही. चावी आतल्या खिशातच होती, हे तिला माहीत असणारच, शर्ट तीच धुवायला टाकते. गडी गाडी घेऊन गेला की मी खिशात हात घालून ती चाचपायचो. चालवायची नव्हती. असू दे म्हणून होती. सगळा उन्हाळा गेला, पाऊस गेला, नवरात्र बसलं तरी ती तिथंच होती.

आज खंडेनवमी. गडी पहाटे आला तेव्हा गाडी धुवून, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून तयार होती. आई खुंटीकडे वळली, तेवढ्यात मी माझी चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती उलटीपालटी करून बघितली, मग सवयीनं माझ्या तोंडाकडे. मी म्हणालो, "आपल्या मनानं देतोय." तिनं मान हलवली. पट्टीची कडी दातानं उघडली, ती चावी पहिलीच्या शेजारी ओवली, आणि दोन्ही गड्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "दोन कशाला, आजी?" ती म्हणाली, "एक ह्येची हाय. जा."

तुमच्या आठवणीतलं माझं अक्षर मोठं होतं. या कागदावर वरच्या ओळी वाचता येतात, खाली येईपर्यंत मुंग्या झाल्यात. तेव्हा हे कुठं पाठवायचं असतं तरी उपयोग नव्हता. गाडी फाट्यापर्यंत जाऊन वळली तोवर मी अंगणात उभा होतो, आणि माझा अंगठा रिकाम्या खिशात चावी शोधत होता.